शेअर केलेला फोल्डर उघडत नाही? घाईत या चुका टाळा

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की पुण्यात नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या डीटीपीच्या ऑफिसांत एकच तक्रार ऐकू येते: ‘मेन मशीनवरचा फोल्डर दिसत नाहीये.’ (मेन मशीन म्हणजे ज्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर बाकीचे कॉम्प्युटर नेटवर्कवरून वापरतात तो.) टिळक रोडवरच्या सीएंच्या ऑफिसांत रिटर्न भरायच्या दिवसांत टॅलीच्या डेटाबद्दल हीच तक्रार असते. मुदत डोक्यावर असते, आणि त्या गडबडीत कुणीतरी फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारा, बंद करून टाकतं. फोल्डर उघडतो, सगळे कामाला लागतात आणि फायरवॉल वर्षभर तशीच बंद राहते.

कृपा करून हे करू नका. फायरवॉल बंद केल्यावर फोल्डर उघडला, तर अडथळा तिच्या एखाद्या नियमात आहे एवढंच कळलं. तो नियम बहुतेक वेळा एकच असतो. विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदवलं की बाहेरून येणाऱ्या फाइल शेअरिंगला ते परवानगी देत नाही. नवा राउटर बसवला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ही नोंद बदलते. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, चालू जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘प्रायव्हेट’ निवडा. फोल्डर ज्या मशीनवर आहे त्या मशीनवर हे करायचं. बरेच जण उलट्याच मशीनवर खटपट करत बसतात. विकतचं अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते, तिथेही हे नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवा.

एवढ्यानं भागलं नाही, तर आधी दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून तापकीर गल्लीतून दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडलेला असतो. मग एका खोलीतल्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) १९२.१६८.०ने सुरू होतो आणि दुसरीतल्याचा १९२.१६८.१ने. आतल्या राउटरमागच्या मशीनपर्यंत बाहेरचं मशीन पोचूच शकत नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर (म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क न बनवता) टाकला की हा घोळ संपतो. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरून तर शेअरिंग चालायचंच नाही. ते त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

‘नेटवर्क’च्या खिडकीत मशीनचं नाव दिसत नाही म्हणून जोडणीच तुटली असं धरून चालू नका. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत \\ टाकून पुढे मशीनचा आयपी पत्ता लिहा. फोल्डर उघडला तर जोडणी ठणठणीत आहे, फक्त नाव शोधणं अडलंय. अशा वेळी त्या मशीनवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू आहे का ते पाहा. पिंगवर (मशीन उत्तर देतं का ते पाहणाऱ्या कमांडवर) मात्र विसंबू नका, कारण फायरवॉल बऱ्याचदा पिंगलाही उत्तर देऊ देत नाही. विंडोजच्या पॉवरशेल या कमांडच्या खिडकीतल्या टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने पोर्ट ४४५ (जोडणीचं ठरावीक दार) उघडा आहे का ते तपासा. फाइल शेअरिंग त्याच पोर्टवरून चालतं. आणि आयपी पत्त्याचा शॉर्टकट करून ठेवला असेल, तर गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आली की राउटर नवा पत्ता देऊ शकतो. राउटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो पासवर्ड. रोज पिन टाकून मशीन उघडणारा माणूस नेटवर्कवरही तोच पिन टाकतो आणि ‘पासवर्ड चुकीचा’ हे वाचून हैराण होतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, तोही ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथल्या खात्याचा. त्या खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. पासवर्ड बदलला असेल, तर दुसऱ्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनाच जपून ठेवलेला असतो; ती नोंद काढा आणि नव्याने टाका. माझं ठाम मत आहे की ऑफिसात शेअरिंगसाठी मेन मशीनवर एक वेगळं लोकल खातं, चांगल्या पासवर्डसह, करून ठेवावं. मालकाचा स्वतःचा पासवर्ड चार जणांना सांगायची वेळच येऊ नये.

आत शिरलात पण फाइल सेव्ह होत नाही, तर ती परवानगीची बाब. इथे दोन ठिकाणं आहेत: ‘शेअरिंग’ टॅब आणि ‘सिक्युरिटी’ टॅब. दोन्हींत जी परवानगी जास्त कडक, तीच लागू होते. एकीकडे सगळं मोकळं करूनही दुसरीकडे फक्त वाचायची मुभा असेल, तर काहीच साधत नाही. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देणं हा उपाय नव्हे. एका मशीनवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं, तर त्या मशीनला लिहिता येणारी शेअरमधली प्रत्येक फाइल त्याच्या हाती लागते.

याच कारणासाठी एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) पुन्हा चालू करू नका. मे २०१७मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच जुन्या पद्धतीतल्या दोषातून मशीनमागून मशीन पकडत गेलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य मशीनवर ती बसवलेलीच नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १चा फोल्डर शेअर करणारा भाग मुळात येत नाही. त्यामुळे जुना झेरॉक्स-स्कॅनर फोल्डरमध्ये स्कॅन टाकेनासा झाला, तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा किंवा स्कॅन ई-मेलवर घ्या. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीनंतर जुना नॅस (फाइली ठेवायचा, नेटवर्कला जोडलेला डबा) बंद पडल्यासारखा वाटत असेल, तर बिना पासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद झालाय. नॅसवर पासवर्डचं खातं करा.

दुपारी जेवून आल्यावरच फोल्डर गायब होत असेल, तर मेन मशीन स्लीपमध्ये जातंय, ते पॉवरच्या सेटिंगमध्ये थांबवा. साध्या (सर्व्हर नसलेल्या) विंडोजला एका वेळी २०पेक्षा जास्त जोडण्या घेता येत नाहीत, हेही मोठ्या ऑफिसांनी ध्यानात ठेवावं. आणि मागे कधी घाईत फायरवॉल बंद केली असेल किंवा एसएमबी १ची टिक लावली असेल, तर आज संध्याकाळी काम संपल्यावर दोन्ही पूर्ववत करा आणि मशीन रीस्टार्ट करा.