सी कोडमधले मेमरीचे घोळ कसे शोधायचे
चादर कारखान्याच्या बिलाचा माझा जुना सी कोड, त्यात गावाच्या नावाला 20 बाइटचा बफर, म्हणजे मेमरीत राखून ठेवलेली जागा, आणि कुणी ‘सोलापूर’ टाकलं की गंडलंच, कारण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, मराठीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट खातं, म्हणजे 7 चिन्हांचे 21 आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य धरून 22! तर आधी ग्रेपने, म्हणजे फाइलमधला शब्द शोधणाऱ्या कमांडने, गेट्स, स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, स्प्रिंटएफ ही जागा पुरते का ते न बघता लिहिणारी फंक्शनं शोधा. गेट्स दिसलं की उडवाच, सी11 या सीच्या 2011 च्या मानकाने ते भाषेतूनच काढलंय. मग फ्लॉफाइंडर हे कोडमधले धोके शोधणारं टूल चालवा, धोक्याला 0 ते 5 आकडा देतं, 5 पासून खाली या. पण ते मुख्यतः फंक्शनची नावं बघतं, त्यामुळं उगाच बोंबलतं पण, आणि मेमरी फ्री केल्यावर, म्हणजे परत दिल्यावरही वापरलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) त्याच्या नजरेतून सुटतो. त्यासाठी जीसीसी या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारी सोय, चालू करून टेस्ट घ्या, आणि बफर ओलांडला की तेही पकडतं, म्हणून गाव ‘दक्षिण सोलापूर’ टाकून बघा.