फोटोत बारकावे येत नाहीत? मेगापिक्सेल मोजण्याआधी या चुका टाळा

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. मग अनेक जण मोबाइलवर ५० मेगापिक्सेलचा मोड लावून पद्मपाणीच्या भित्तिचित्राचा फोटो काढतात. मोठा करून पाहावा तर रेषा पुसट आणि रंगांत दाणेच दाणे. सर्रास होणारी चूक ती हीच.

अशा बऱ्याच मोबाइलांच्या सेन्सरवरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा) एकेक पिक्सेल जेमतेम १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. पिक्सेल लहान, तितका त्याच्या वाट्याचा प्रकाश कमी. अंधारात नॉइज (तेच दाणे) वरचढ ठरतो. म्हणूनच या सेन्सरची रचना क्वाड बायर असते: शेजारचे चार पिक्सेल एकाच रंगाच्या फिल्टरखाली. साध्या मोडमध्ये चौघांचा प्रकाश एकत्र धरला जातो. फोटो १२.५ मेगापिक्सेलचाच येतो, पण २ मायक्रॉनच्या पिक्सेलने टिपल्यासारखा. ५० चा मोड लावला की ही बेरीज थांबते आणि रंगांची मांडणी सॉफ्टवेअरला अंदाजाने नव्याने रचावी लागते. लेण्यात साधा मोडच ठेवा आणि हात स्थिर ठेवून लागोपाठ तीन-चार फोटो घ्या. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात लख्ख ऊन असेल तेव्हा मात्र ५० चा मोड खुशाल वापरा. तिथे कोरीवकामाचे तपशील खरोखर वाढतात.

पैठणला साडीचे फोटो काढणाऱ्यांची अडचण वेगळीच. पैठणीच्या काठावर नसलेल्याच रंगीत लाटा उमटतात. याला मोआरे म्हणतात. बहुतेक सेन्सरांत ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रंग-फिल्टरांची रचना असते; तीत निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. विणीचे धागे आणि पिक्सेलची जाळी जवळपास सारख्या अंतरावर आली की सेन्सर फसतो. एडिटिंगमध्ये शार्पनेस वाढवू नका, लाटा आणखी ठळक होतात. कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्या किंवा किंचित तिरपा धरा. ग्राहकाला साडीचा खरा रंग दिसला पाहिजे, म्हणून एवढे कष्ट घ्याच.

डीएसएलआरवाले ‘सगळं शार्प हवं’ म्हणून अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) थेट एफ/२२ वर नेतात, म्हणजे अगदी बारीक करतात. तिथे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉन पसरतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (बऱ्याच डीएसएलआरमधल्या मध्यम आकाराच्या) सेन्सरवरचा पिक्सेल असतो ४ मायक्रॉनच्या आसपास! एफ/८ वर या.

लेन्सवरचा बोटाचा ठसा पुसायला स्वच्छ, मऊ सुती कापड पुरे.

राहिला आपला उन्हाळा. सेन्सर साधारण ६ ते ८ अंशांनी तापला की त्यातला डार्क करंट (प्रकाश नसतानाही वाहणारा विद्युतप्रवाह) दुप्पट होतो. मे महिन्यात दिवसभर गाडीत तापलेल्या कॅमेऱ्याने रात्री ताऱ्यांचे फोटो काढले, तर लाल-निळे ठिपके येणारच. कॅमेरा आधी निवू द्या आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (हे ठिपके कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) सुरू करा. प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ लागेल, तेवढ्यात कॅमेरा बंद करू नका.