इस्टेट एजंट होण्यापूर्वी मिळकतकराचे बिल वाचायला शिका : पुण्यातील अनुभव

पुण्यात जागांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात येऊ इच्छिणारी तरुण मंडळी माझ्याकडे विचारपूस करतात, तेव्हा दलाली किती सुटते हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि परीक्षा कशी असते हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तरीही कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे या भागांत रीसेलचे, म्हणजे जुन्या घरांच्या फेरविक्रीचे व्यवहार करताना माझे जे मत बनले आहे ते असे, की या कामात नाव कमवायचे असेल तर महापालिकेच्या मिळकतकराचे बिल वाचणे आणि एखाद्या सोसायटीतील माणसे एकमेकांशी कशी वागतात याचा अंदाज घेणे या दोन गोष्टी सर्वांत आधी शिकाव्यात. फ्लॅटची किंमत एकदाच मोजावी लागते. कर आणि शेजार मात्र घर विकेपर्यंत सोबत राहतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते. घरबांधणी प्रकल्प आणि एजंट यांचे नियमन करणारा रेरा कायदा 2016 चा असून त्यानुसार महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे कामकाज 2017 मध्ये सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकण्यास मदत करणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी करावीच लागते. 2023 पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र अनिवार्य केले आहे. अभ्यास मनापासून करा. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया), विक्री करारातील कलमे, प्रकल्पाची संकेतस्थळावरील माहिती हे सारे कामाचे आहे. मात्र तीस वर्षे जुन्या सोसायटीतील दोन खोल्यांची जागा विकायला घ्याल, तेव्हा समोरचा ग्राहक जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि सोसायटीच्या कार्यालयात बसूनच मिळतात.

आता बिलाकडे वळू. पुणे महापालिका मिळकतकर आकारते तो वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल या हिशेबावर. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे आणि तेथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. त्यामुळे मुंबईहून पुण्यात घर घ्यायला आलेले लोक हमखास विचारतात, ‘आमचे घर साडेचारशे फुटांचे आहे, मग कर कशाला?’ ती माफी पुण्यात लागू नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. बिलावर सामान्य कर, पाणीपट्टी, सफाईपट्टी, अग्निशामक, वृक्षसंरक्षण असे रकाने असतात. शिक्षण उपकर राज्य शासनाचा असतो आणि महापालिका तो केवळ गोळा करून देते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यानंतर महापालिकेच्या हातात स्वतःचे असे जे मोठे उत्पन्न उरले त्यात मिळकतकर अग्रभागी आहे. म्हणूनच या कराबद्दल महापालिका इतकी आग्रही असते, आणि म्हणूनच त्याबद्दल नागरिकांनीही तितकेच जागरूक असावे असे मला वाटते.

पुण्याच्या बिलातील सर्वांत मोठी मेख म्हणजे 40 टक्के सवलत. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला ही सवलत 1970 पासून मिळत होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाला, पुढे 2019 मध्ये ती बंद झाली, नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराची बिले आली, शहरात असंतोष झाला आणि अखेर 2023 मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा लागू केली. ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-3 हा अर्ज भरून, स्वतः तेथे राहत असल्याचा पुरावा जोडून ती परत मिळवावी, असे ठरले. सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचे कार्ड, वाहन परवाना, अशी कागदपत्रे त्यासाठी लागतात. येथे नवख्या एजंटाने एक साधा हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. सवलत गेली की बिल 40 टक्क्यांनी वाढते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात 60 चे 100 होतात, म्हणजे ढोबळमानाने दोन तृतीयांश वाढ होते. गुंतवणूक म्हणून घर घेऊन ते भाड्याने देणाऱ्या माणसाला ही सवलत मिळत नाही. त्याच्या भाड्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना तुम्ही विक्रेत्याचे सवलतीचे बिल समोर ठेवलेत, तर तुम्ही त्याची दिशाभूल करत आहात.

कोणत्याही जागेचे टोकन घेण्यापूर्वी मी चालू वर्षाचे बिल मागते आणि त्यावर तीन ठिकाणी बोट ठेवते. नाव कोणाचे आहे, वापर काय नोंदवला आहे आणि मागील थकबाकी किती आहे. रीसेलमध्ये बिलावर अजून बिल्डरचे किंवा आधीच्या मालकाच्याही आधीच्या मालकाचे नाव असणे ही अगदी नेहमीची बाब आहे. कायद्याप्रमाणे हस्तांतरणाची सूचना दस्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत महापालिकेला द्यायची असते, पण नोंदणी झाली, चावी मिळाली, की लोक ही गोष्ट विसरतात. थकबाकीचे तर असे आहे, की मिळकतकराचा बोजा त्या मिळकतीवरच असतो; मालक बदलला म्हणून तो सुटत नाही. थकीत रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला 24 टक्के. वीस हजारांचे बिल एक वर्ष पडून राहिले तर त्यावर 4,800 रुपये चढतात, आणि विक्रेता परदेशात राहत असला व बिले बंद घराच्या दारात साठत राहिली, तर हा आकडा पाहता पाहता व्यवहार अडवण्याइतका होतो. विक्रेत्याने थकबाकी भरल्याची पावती दिल्याखेरीज दस्ताची तारीख ठरवू नये, हा माझा नियम आहे, आणि त्याला मी ओळखीच्या माणसासाठीही अपवाद करत नाही.

वापराच्या रकान्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोणी क्लास चालवत असेल किंवा दवाखाना असेल, आणि आकारणी बिगरनिवासी दराने झालेली असेल, तर तेथे राहायला जाणाऱ्या कुटुंबाला वापर बदलल्याचे महापालिकेकडे स्वतः कळवून नवी आकारणी करून घ्यावी लागते. तसे न केल्यास ते कुटुंब दुकानाच्या दराने कर भरत राहते.

शहराच्या सीमेवर काम करणार असाल तर समाविष्ट गावांचा इतिहास माहीत हवा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्रफळ 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरून महापालिकेच्या करावर येताना वाढ एकदम न होता टप्प्याटप्प्याने व्हावी अशी तरतूद आहे, त्यामुळे आज तुम्ही दाखवत असलेले कमी बिल पुढेही तितकेच राहील असे ग्राहकाला कधीही सांगू नका. पिंपरी-चिंचवडकडे वेगळा विषय होता. तेथे अनधिकृत बांधकामांवर दुप्पट शास्तीकर लागत असे आणि 2023 मध्ये तो माफ करण्याचा निर्णय झाला. शास्तीकर माफ झाला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, आणि कराची पावती ही मालकीचा किंवा परवानगीचा पुरावा ठरत नाही. ही दोन वाक्ये तुम्हाला या व्यवसायात वारंवार उच्चारावी लागतील.

या कराबद्दल माझे स्वतःचे मत विचाराल, तर मला दर जास्त वाटत नाही, पण विभागणी अन्यायाची वाटते. पुण्यात इमारतीची पहिली आकारणी ज्या काळी झाली त्या काळचे दर तिला चिकटून राहतात. परिणामी एकाच रस्त्यावर समोरासमोर असलेल्या जुन्या आणि नव्या इमारतींमध्ये, तोच कचऱ्याचा ट्रक आणि तेच पथदिवे वापरणारी कुटुंबे अगदी वेगवेगळा कर भरतात. समाविष्ट गावांतील रहिवासी तर पाणीपट्टीही भरतात आणि टँकरचे पैसेही देतात. उंड्री किंवा वाघोलीच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीच्या दारात टँकरची रांग लागते, आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. त्यामुळे ‘येथे कर किती’ असे ग्राहकाने विचारले, की मी कर, मेंटेनन्स आणि उन्हाळ्यातील टँकर या तिन्हींची बेरीज करून सांगते. त्या बेरजेवरच ते घर परवडते की नाही हे ठरते.

कर आणि शेजार यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो पुनर्विकासात. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर येथील चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या सभासदांना वाढीव जागा मिळते, लिफ्ट मिळते, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना खरोखरच दिलासा मिळतो. पण नव्या इमारतीची आकारणी नव्या दराने होते, क्षेत्र वाढलेले असते, लिफ्ट, पंप, जनरेटर आणि सुरक्षारक्षक यांचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याचा दरमहाचा हिशेब कोलमडतो. बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी ठेवीच्या, म्हणजे कॉर्पस फंडाच्या व्याजातून हा फरक भागेल असे सभेत सांगितले जाते. तो किती वर्षे भागेल हे कागदावर मांडून पाहिलेले मला क्वचितच दिसले. एका सोसायटीच्या सभेत वयोवृद्ध खजिनदार मला म्हणाले, ‘ताई, घर मोठं मिळेल हो, पण पेन्शन तेवढीच राहणार आहे.’ मी त्यांच्याबरोबर बसून शेजारच्या पुनर्विकसित इमारतीचे मिळकतकराचे बिल आणि मेंटेनन्सची पावती मिळवली, आणि तेच आकडे त्यांनी पुढच्या सभेत वाचून दाखवले. बिल्डरशी बोलणी करताना सभासदांनी चार फूट जागा कमी घेऊन कॉर्पसची रक्कम वाढवून मागितली. एजंटाला त्या कामाचे पैसे मिळत नाहीत, तरी ते करावे. आपण ज्या भागात जागा विकतो त्या भागातील म्हातारी माणसे तेथेच राहू शकली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

सोसायटी पाहायला जाल तेव्हा लॉबीची फरशी पाहण्याआधी सूचनाफलक पाहा. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना लावलेली आहे का, हिशेब मांडलेला आहे का, थकबाकीदारांची नावे वर्षानुवर्षे तीच आहेत का, यावरून कारभार कळतो. वॉचमनशी दोन शब्द बोला, कारण पाणी किती वाजता येते आणि पार्किंगवरून भांडणे होतात का, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. घर विकले जाताना सोसायटी घेते ते हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच आकारता येते. तरीही काही ठिकाणी देणगीच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली जाते. अशा वेळी खरेदीदाराला नियम दाखवा आणि कमिटीशी सौम्य पण स्पष्ट शब्दांत बोला. एक खूण मी आवर्जून पाहते. सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असल्यास महापालिका मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असल्यास 10 टक्के सवलत देते. ही सवलत घेणारी सोसायटी मला नेहमीच भरवशाची वाटते. पैसा वाचतो म्हणून तसे वाटत नाही, तर खताचा खड्डा चालू ठेवायला रोज कोणीतरी खाली उतरून लक्ष घालावे लागते म्हणून.

याच सोसायट्यांमध्ये नवख्या एजंटाची खरी परीक्षा होते ती भाडेकरूच्या प्रश्नावर. ‘बॅचलर नकोत’, ‘एकटी बाई नको’, ‘अमुक समाजाचे नकोत’, ‘मांसाहारी नकोत’, असे निरोप तुम्हाला फोनवर दिले जातील, आणि ते तुमच्या तोंडून समोरच्याला कळावेत अशी अपेक्षा असेल. मी असे निरोप पोहोचवत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा करार नोंदवलेला असेल, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली असेल, तर कोणी काय खातो किंवा कोणत्या जातीधर्माचा आहे हे विचारण्याचा अधिकार एजंटाला नाही. यापायी काही मालकांनी मला कामे देणे थांबवले. ज्यांनी दिली, त्यांनी ती वर्षानुवर्षे दिली.

व्यवहार पूर्ण झाल्यावरचे काम शेवटी सांगते, कारण ते बहुतेक एजंट करत नाहीत. दस्त नोंदला गेल्यानंतर ग्राहकाला सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा ‘इंडेक्स टू’ उतारा), सोसायटीचे पत्र आणि शेवटची करपावती यांच्या प्रती काढून द्या, क्षेत्रीय कार्यालयात बिलावरचे नाव बदलण्याचा अर्ज त्याच्याकडून तीन महिन्यांच्या आत भरून घ्या, तो स्वतः राहणार असेल तर 40 टक्के सवलतीची चौकशी त्याच फेरीत करा, आणि एप्रिलमध्ये नवे बिल आले की त्याला फोन करून सवलतीच्या मुदतीत ते भरण्याची आठवण द्या. त्याच फोनवर शेजार कसा आहे, पाणी पुरते का, हेही विचारा; पुढच्या ग्राहकाला त्या इमारतीबद्दल खरे सांगायचे असेल, तर ते तुम्हाला येथूनच कळेल.