चिमुकल्या हातांसाठी कागदी पेंग्विन

चार वर्षांच्या मुलांकडून हिवाळी ओरिगामी करून घेताना मुख्य अडचण अशी येत होती की, त्यांना चौकोनी कागदाची टोके नेमकी जुळवता येत नसत आणि घडी तिरकी गेली की पुढचा सगळा आकार बिघडत असे. १५ ऐवजी २० सेंटिमीटरचा पातळ कागद घेऊन, कर्णावरची घडी स्वतः आधी घालून उलगडून ठेवल्यावर ही अडचण दूर झाली. एका बाजूने काळा असलेला कागद पांढरी बाजू वर ठेवून डावा-उजवा कोपरा मध्यरेषेच्या अलीकडेच दुमडला की पेंग्विनचे पांढरे पोट दिसते. वरचे टोक पुढे वळवले की काळे डोके तयार होते. पांढऱ्या खडूने डोळे मात्र मुलांनीच काढावेत, कारण त्यांना सर्वाधिक आनंद तिथेच मिळतो. सहा टोकांच्या हिमकणासाठी लागणाऱ्या ६० अंशांच्या घड्या या वयाला झेपत नाहीत.