तीन पायांचा मोठा कुत्रा घरी सांभाळताना : पहिले सहा आठवडे

गाडीखाली पाय चिरडला, किंवा हाडात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी पाय काढला. आता या तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं आहे. याला फॉस्टर करणं म्हणतात. त्यात दयेपेक्षा फर्शीचा प्रश्न मोठा असतो. तीन पायांचा कुत्रा पडतो तो बहुतेक वेळा पाय गेल्यामुळे नाही, पाय घसरल्यामुळे. इंदूरच्या जुन्या घरांत घोटीव कोटा फर्शी आणि नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स, दोन्ही त्याच्यासाठी सारख्याच वाईट.

हो म्हणण्याआधी

कोणता पाय काढला आहे ते विचारा. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्या जड कुत्र्याला सावरायला जास्त वेळ लागतो. अपघाताची केस असेल तर उरलेल्या तीन पायांचा आणि कमरेचा एक्स-रे झाला आहे का ते पाहा. कमरेच्या हाडाला तडा असेल तर पुढे सांगितलेलं चालण्याचं वेळापत्रक लागू होत नाही. शंका राहिली तर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दुसरं मत घेता येतं.

औषधांचा खर्च कोण करणार, रात्री दोन वाजता फोन कुणाला लावायचा आणि टाके कुठे काढायचे, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. रेबीजच्या लशीची तारीखही घ्या. ती माहीत नसेल तर घरातल्या माणसांनी आपली प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवलेली बरी. तरीही दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुखणारा कुत्रा स्वभावाने गरीब असला तरी चावू शकतो.

लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर नाही म्हणा. तळमजला आणि पुढे दोन पायऱ्यांचा ओटला, एवढं जमतं.

फर्शी आधी, कुत्रा नंतर

गादी, पाणी आणि बाहेरचं दार, या तीन ठिकाणांना जोडणारी तीनेक फूट रुंद वाट अंथरा. दोन योगा मॅट शेजारी शेजारी टाकल्या तर रुंदी चार फूट होते, ते उत्तम. जिममधल्या दोन बाय दोन फुटी कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या मॅटही चालतात, फक्त कडा दुहेरी चिकटपट्टीने फर्शीला चिकटवा. नाहीतर नखाने उचकटून तो तुकडे चावत बसेल. सतरंजी किंवा जुनी चादर टाकू नका. ती पायाखाली गोळा होते आणि नुसत्या फर्शीपेक्षाही जास्त घसरते. तपासायचं कसं? स्वतः मोजे घालून मॅटवर उभे राहा आणि एका पायाने जोरात ढकला. मॅट सरकली तर कुत्र्याखालीही सरकेल.

पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा आणि नखं छाटून घ्या. फर्शीवर टकटक वाजणारं नख म्हणजे फर्शी न धरणारा पंजा.

जागा सुरुवातीला लहानच ठेवा, सहा बाय सहा फुटांचा कोपरा पुरे. कापसाची गादी आठवड्यात बसते आणि तिच्यात गोळे होतात, त्यापेक्षा चार इंची घट्ट फोम बरा. त्यावर रेक्झिनची खोळ आणि वर धुता येणारी चादर. पुढचा पाय गेला असेल तर पाण्याचं आणि जेवणाचं भांडं छातीच्या उंचीवर ठेवा. मान खाली घालून खाताना सगळा भार एका पायावर येतो आणि तो तोंडावर आपटतो.

आणण्यासाठी लोडिंग रिक्षा सोयीची. मागचा फळा खाली पडतो, आत मॅट अंथरता येते आणि कुत्र्याबरोबर एक माणूस बसू शकतो. उचलायला दोघं हवेतच. एकाचे हात छातीखाली, दुसऱ्याचे मांड्यांच्या मागून, आणि जखमेची बाजू अंगाला न टेकता बाहेरच्या बाजूला.

पहिले तीन दिवस

पहिल्या रात्री तो कण्हेल, भेलकांडेल, कदाचित तुमच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहील. यातलं बरंच भुलीच्या आणि जबर वेदनाशामकाच्या अमलामुळे असतं. शांत झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या आत हवेत. हिरड्या गुलाबी हव्यात. त्या पांढुरक्या दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. लघवी दिवसभरात व्हायलाच हवी. शी मात्र तीन-चार दिवस झाली नाही तरी घाबरू नका, औषधांनी आतडी मंदावलेली असतात.

जखमेभोवती जांभळा-काळा डाग पसरतो आणि एक-दोन दिवसांत पोटाकडे उतरतो. तो मुका मार लागल्यासारखा असतो, आपोआप जातो. गोठवलेल्या मटारची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, जखमेच्या बाजूला धरा. टाक्यांवर थेट ठेवू नका.

गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून लावा. सूज आणि दुखणं कमी करणारी मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखी गोळी खाण्याबरोबरच द्यायची. उलटी झाली किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन दिलं असेल तर तो सुस्त राहील. ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. बसल्या जागी अचानक किंचाळून उठणं आणि नसलेल्या पायाकडे वळून पाहणं ही तुटलेल्या नसांची वेदना असू शकते. असं झालं तर वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अर्धीसुद्धा देऊ नका. त्याने पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं जातात.

टॉवेलने आधार

मागचा पाय काढलेल्या कुत्र्याला शीसाठी बसताना सगळ्यात जास्त अडचण येते, तोल जाऊन तो त्यातच बसतो. त्यासाठी जुना आंघोळीचा टॉवेल हवा, जाडजूड आणि लांब.

१. कुत्रा उभा असताना टॉवेल पोटाखालून, उरलेल्या मागच्या पायाच्या जरा पुढून घाला. नर असेल तर लघवीची जागा दाबली जात नाही ना, ते पाहा.

२. दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा. टाके टॉवेलखाली येता कामा नयेत.

३. वर उचलू नका. फक्त ताण ठेवा, तो कलला तर तुमचा हात त्याला थांबवेल एवढाच. पाय जमिनीवरून सुटला तर तो वापरायला कधी शिकणार?

४. ओटल्याच्या पायऱ्यांवर दुसऱ्या माणसाने पुढे राहून छातीचा पट्टा धरायचा. उतरताना तो घाई करतो आणि पडतो तेही उतरतानाच.

पुढचा पाय गेला असेल तर टॉवेलपेक्षा पाठीवर मूठ असलेला छातीचा पट्टा बरा, पण टाके निघेपर्यंत तो जखमेवर घासत नाही ना, हे तपासूनच घाला. गळपट्ट्याला धरून ओढायचं कधीच नाही.

जखम

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर आंघोळ नाही, आणि गळ्यातला प्लास्टिकचा भोंगा काढायचा नाही. तो भोंगा पाहून वाईट वाटतं, पण मोठा कुत्रा दोन मिनिटांत चार टाके ओढून काढतो. पुढच्या पायाची जखम असेल तर भोंग्याच्या जोडीला जुना सुती टी-शर्ट घाला. डोकं गळ्यातून, उरलेला पाय बाहीतून, आणि खालची कड पाठीवर गाठ मारून बांधलेली. घाण झाली की लगेच बदला.

सकाळ-संध्याकाळ जखम पाहा आणि त्याच उजेडात फोटो काढा, कालच्या फोटोशी ताडून पाहता येतं. पाण्याच्या पिशवीसारखी मऊ सूज आली तर बहुतेक आत द्रव साठलेला असतो. फोटो डॉक्टरांना पाठवा, पण सुईने टोचू नका. जागा गरम आणि लाल झाली, पू किंवा वास आला, कडा उघडल्या तर त्याच दिवशी दाखवा. हळद, खोबरेल तेल, राख, काहीही लावू नका. डॉक्टरांनी दिलं तेवढंच. पावसाळ्यात माश्या हा वेगळाच ताप. ओल्या जखमेवर अंडी पडली की दिवसाभरात अळ्या. जाळीच्या दारामागे ठेवा आणि माश्या पळवणारा फवारा डॉक्टरांना विचारून घ्या.

किती चालवायचं

टाके निघेपर्यंत फक्त शी-लघवीपुरतं : दिवसातून चार-पाच वेळा, तीन ते पाच मिनिटं, पट्ट्याला धरून. डॉक्टर जखम भरली म्हणाले की रोजच्या फेरीत दर चार-पाच दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत १५ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या तर छान चाललं आहे. एकच लांब फेरी मारू नका. तीन पायांनी चालणं म्हणजे जवळजवळ उड्या मारत जाणं, त्यात दम जास्त लागतो. उड्या आखूड झाल्या, उरलेला पाय थरथरला किंवा तो मध्येच बसला, की तिथून परत फिरा. दुसऱ्या दिवशी उठायला नेहमीपेक्षा वेळ लावला तर काल जास्त झालं होतं.

तोल सुधारायला साधा व्यायाम : तो मॅटवर उभा असताना खाऊचा तुकडा नाकासमोरून हळूच खांद्याकडे न्या, मान वळेपर्यंत. मग दुसऱ्या बाजूला. प्रत्येकी तीनदा, बस.

एप्रिल-मे महिन्यांत फेरी सकाळी सहाच्या सुमारास उरका. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत. इंदूरची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. नवा कुत्रा दचकून उडी मारतो आणि गाठतो ती नेमकी मॅटबाहेरची फर्शी. गाडीच्या वेळेआधी त्याला आतल्या खोलीत घ्या. दिवाळीत आणि रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, दिवशी तर सकाळपासूनच.

ताट

दयेपोटी लोक खायला घालतात आणि तीन पायांवर चार पायांचं वजन चढवतात. तीस किलोच्या, फार न हलणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० ते १२०० कॅलरी पुरतात, खाऊ धरून. कुत्र्याच्या खाद्याच्या पोत्यावर छापलेलं प्रमाण धावत्या कुत्र्याचं असू शकतं. फासळ्यांवरून हात फिरवा : दिसू नयेत, पण न दाबता लागाव्यात. हाडं वर आलेल्या उपाशी कुत्र्याचं वजन वाढवायचं असतं, तेही हळूहळू, दिवसाचं चार वेळा वाटून. पोह्यांची उरलेली प्लेट पुढे सरकवायची नाही. कांदा त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो आणि वरची शेव नुसतं मीठ आणि तेल.

दुसऱ्या घरी पाठवताना

नव्या माणसांना त्याची कीव करायला लावणारे फोटो पाठवू नका. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, त्यात तो उठतो, चालतो, वळतो. कागदांत पाय काढल्याचं कारण, औषधांची यादी, लशी, वजन आणि सध्या किती मिनिटं चालतो हे लिहा. कर्करोग असेल तर तो लपवू नका. नव्या घरी पोचल्यावर तो पुन्हा दोन-चार दिवस अडखळेल, कारण तिथली वाट त्याला नवी असते. म्हणून त्याच्या मॅट धुऊन, गुंडाळून बरोबरच द्या, आणि तो दारातून आत येण्याआधी त्या अंथरायला सांगा.