उलटी पुसली, पण नळाची तोटी?

घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले की फरशी लगेच पुसली जाते. राहून जातात ती नळाची तोटी, फ्लशचं बटण, संडासातल्या मगाची मूठ, दाराची कडी, मोबाइल. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू अशा जागी कित्येक दिवस तग धरतो आणि तो मोजके कण पोटात गेले तरी पुरतो. हात तोटीला लागतो, मग तोंडाकडे जातो, आणि दुसरा आजारी पडतो.

सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद.

आधी हातमोजे घालून घाण जुन्या कागदाने उचला, साबणाने पुसा. मग एक लिटर पाण्यात ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) २५ मिली घालून ती जागा किमान पाच मिनिटं ओली ठेवा. खिडकी उघडी हवीच. टॉयलेट क्लीनरमध्ये मात्र हे कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मोबाइल मात्र त्याच्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे पुसा. टॉवेल वेगळा, कपडे न झटकता गरम पाण्यात.

उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस त्या व्यक्तीने स्वयंपाक करू नये.