पुण्यतिथीची पोस्ट लिहायचीय? मग आदल्या रात्रीच बसा

"पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा" हा मेसेज तुमच्यापण ग्रुपवर येऊन गेला असेलच. आमच्याकडे वर्षातून निदान एकदा तरी येतोच, फोटोला झेंडूचा हार, खाली तीन फुलं आणि हात जोडलेला इमोजी. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं हो, सकाळी चहा उकळेपर्यंत घाईत काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेलं असतं. मी गेली नऊ वर्षं आमच्या गल्लीतल्या वाचनालयाबाहेरचा फळा लिहिते आणि आता तेच टाईप करून ग्रुपवर पण टाकते, तर एवढ्या वर्षांत चुका करून करून जे हाताला लागलंय ते सांगते.

पहिलं काम म्हणजे तारीख बघायची का तिथी ते ठरवणं. संतांचं बहुतेक सगळं तिथीवर चालतं. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया, तिथून चार दिवसांनी पैठणची नाथषष्ठी, माघ वद्य नवमीला दासनवमी, आणि आळंदीचा ज्ञानेश्वर माऊलींचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला. म्हणजे फोनमध्ये "रिपीट एव्हरी इयर" लावून निवांत बसलात तर पुढच्या वर्षी तोंडावर पडणार, इथे भिंतीवरचं कालनिर्णयच उघडायचं. आणि अजून एक गोची आहे, हिंदी साइटवरनं तिथी उचलू नका, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण होतो. दिवस तोच असतो पण महिन्याचं नाव वेगळं, आणि आपण पुढचा महिना समजून महिनाभर उशिरा पोस्ट टाकतो. मी टाकलीय, म्हणून सांगतेय.

काही जणांचं दोन्हीकडे असतं. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले पण मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात पुण्यतिथी महोत्सव तिथीप्रमाणे असतो, आश्विन वद्य पंचमीला, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक एकदम शांत उभे राहतात. शिवाजी महाराजांचं ३ एप्रिल १६८० आणि चैत्र पौर्णिमा, दोन्ही बरोबर, फक्त ती ३ एप्रिल जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आजच्या हिशोबाने तो दिवस १३ एप्रिल येतो. ह्यावर ग्रुपमध्ये दरवर्षी भांडण पेटतं. आपण सरळ "तिथीनुसार" किंवा "तारखेनुसार" एवढा एक शब्द लिहायचा आणि बाजूला व्हायचं.

"कितवी" हा आकडा घालताना नुसती वजाबाकी करा. पुलं गेले १२ जून २००० ला, पहिली पुण्यतिथी २००१ ला, म्हणजे २०२५ ला पंचविसावी. लोकं उगाच त्यात एक मिळवतात. शताब्दी वर्ष म्हणजे वेगळं प्रकरण, ते बऱ्याचदा वर्षभर आधी सुरू करतात आणि शंभराव्या पुण्यतिथीला संपवतात, त्यामुळे बॅनरवरचं "शताब्दी वर्ष" बघून "आज शंभरावी" असं लिहू नका.

शब्दांचं म्हणाल तर जयंती साजरी होते, पुण्यतिथी साजरी होत नाही. अभिवादन करा, स्मरण करा, "आज स्मृतिदिन" लिहा. बाबासाहेबांसाठी ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, तिथे पुण्यतिथी लिहिलं की वाचणाऱ्याला खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. फाशी गेलेल्यांसाठी, गोळी खाल्लेल्यांसाठी हुतात्मा किंवा बलिदान दिन. तुकोबांसाठी वारकरी वैकुंठगमन म्हणतात, आपण पण तेच म्हणावं, तिथे आपली अक्कल चालवायची जागा नाही. आणि हो, "पुण्यतिथीनिमित्त" हा एकच शब्द आहे, मधे जागा सोडू नका, आमच्या शाळेतल्या बाई अजून ग्रुपवर आहेत.

एका तारखेला दोन माणसं आली की खरी परीक्षा. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य मुंबईत सरदारगृहात गेले, आणि त्याच तारखेला तिकडे वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. पहिल्या वर्षी मी फळाभर फक्त टिळक लिहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खालच्या कोपऱ्यात कुणीतरी खडूने "आणि अण्णाभाऊ?" एवढंच लिहून ठेवलेलं. लाज वाटली. तेव्हापासून फळा मधोमध रेघ मारून दोन भागात लिहिते, डावीकडे स्मृतिदिन, उजवीकडे जयंती. कोण मोठं कोण छोटं ह्या वादात पडायचंच नाही, ओळी मात्र दोघांना सारख्या.

आता मजकूर. इथे सगळेच माती खातात, कारण विकिपीडियावरनं जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार, निधन अशी बायोडाटासारखी यादी उचलून चिकटवतात, आणि ती वाचून कुणाला काहीच आठवत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्या. एकच. १० मार्चला सावित्रीबाईंवर लिहायचंय, तर "पहिल्या शिक्षिका, थोर समाजसुधारक" हे सगळ्यांना पाठ आहे, ते एका ओळीत उरकून मी हे लिहिते:

"१८९७. पुण्यात प्लेग. डॉक्टर मुलाला, यशवंतला, सावित्रीबाईंनी बोलावून घेतलं आणि गावाबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या वस्तीत एक मुलगा तापाने पडलाय कळल्यावर त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. वय ६६. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या."

बघा, एक पण विशेषण नाही. थोर म्हणायची गरजच पडत नाही. ह्याच सावित्रीबाईंनी त्याआधी सहा वर्षं, नोव्हेंबर १८९० मध्ये, जोतिरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं, म्हणजे पुढे धरायचं मडकं, धरलं होतं, दत्तक मुलाने धरायचं का नाही ह्यावर भाऊबंद वाद घालायला लागले म्हणून. हा प्रसंग मी १० मार्चला वापरत नाही, २८ नोव्हेंबरसाठी राखून ठेवते. एकाच दिवशी सगळं ओतायचा मोह होतो, पण पुढच्या वर्षी पण तारीख येणारच आहे ना.

तारखा शेजारी शेजारी मांडून बघायची पण सवय लावा, कधीकधी आयतंच काहीतरी मिळतं. जूनमध्ये ११ ला साने गुरुजी (१९५०), १२ ला पुलं, १३ ला आचार्य अत्रे (१९६९), सलग तीन दिवस. आता नुसते तीन फोटो टाकण्यापेक्षा ११ आणि १३ जोडा, गुरुजींच्या 'श्यामची आई'वर सिनेमा काढला अत्र्यांनी, १९५३ मध्ये, आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मधली १२ तारीख तर अशी आहे की १२ जून १९४६ ला पुलं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं आणि ५४ वर्षांनी त्याच तारखेला पुलं गेले. सुनीताबाई गेल्या ७ नोव्हेंबर २००९ ला, आणि पुलंचा वाढदिवस ८ नोव्हेंबर. ह्याच्यावर "काय हा योगायोग, नियतीचा खेळ" वगैरे लिहायला हात शिवशिवतो, नका लिहू, तारखा एकाखाली एक ठेवा आणि सोडून द्या.

गुरुजींबद्दल लिहिताना एक अडतं. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. ते लपवायचं नाही, पण कसं, काय घेऊन, हे फळ्यावर लिहायचं नाही, आणि "का" ह्याचे आपले अंदाज तर अजिबात नाहीत. फळा शाळेत जाणारी पोरंपण वाचतात. मी एका वाक्यात सांगते आणि पंढरपूरकडे वळते, १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून त्यांनी तिथे उपोषण केलं आणि मंदिर उघडलं.

वाक्यं, सुविचार वगैरे टाकणार असाल तर जरा दमाने. नेटवर आयुष्यावर काही गोड लिहिलेलं सापडलं की खाली व.पु., विनोदी असलं की पुलं, आणि क्रांतिकारक वाटलं की बाबासाहेब, असं बिनधास्त ठोकून देतात. बाबासाहेबांचे खंड राज्य शासनाने छापलेत, महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय पण आहे, मराठी विश्वकोश तर फोनवर फुकट वाचता येतो. ओळ कुठल्या पुस्तकातली ते सापडलं नाही तर ओळ गाळायची, सोप्पं आहे. फोटोचं पण तेच, तुकोबांच्या वेळी कॅमेरा नव्हता, मग "दुर्मिळ फोटो" कुठून आला, ते चित्र आहे, चित्रच म्हणा.

काही माणसांना मात्र हा नेहमीचा साचा बसतच नाही. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला जळगावात गेल्या, तेव्हा कवयित्री म्हणून त्यांना बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या आणि घरातले त्या उतरवून घ्यायचे. नंतर मुलाने, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे "आजच्या दिवशी महाराष्ट्राने थोर कवयित्री गमावली" हे लिहाल तर ते चूकच आहे, महाराष्ट्राला त्या तेव्हा सापडल्याच नव्हत्या. अशा वेळी मी गेल्याची तारीख वर बारीक लिहिते आणि वहीची गोष्ट मोठ्या अक्षरात.

शंभर-सव्वाशे शब्दांत बसवा, फळ्यावर त्याहून जास्त मावत नाही आणि ग्रुपवर "रीड मोअर" आलं की कुणी दाबत नाही. लिहून झालं की मोठ्याने एकदा वाचा, मग झोपा, सकाळी टाका. आणि कुणी चूक काढली तर "माहितीबद्दल धन्यवाद" म्हणत वाद घालू नका, डिलीट करून नवीन टाका, वहीत त्या तारखेसमोर लाल पेनाने लिहून ठेवा. माझ्या वहीत १ ऑगस्टच्या पानावर अजून आहे ते, "आणि अण्णाभाऊ?"